चार्ल्स्टनमध्ये दोन दिवस: आधी भरतीची वेळ बघा, मग हॉटेल

शार्लट, राली किंवा अटलांटात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शनिवार-रविवार जोडून कुठे जावं असा प्रश्न पडला की साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन हमखास यादीत येतं. जुनी रंगीत घरं, समुद्र, घोडागाड्या, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांनाही चालत बघता येईल असं आटोपशीर गाव. इंग्रजांनी १६७० मध्ये जवळच वस्ती केली आणि १६८० मध्ये ती ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जिभेवर हलवली. आजचं जुनं शहर याच जिभेवर आहे, तिला इथे सगळे ‘पेनिन्सुला’ म्हणतात. १९३१ मध्ये जुन्या वस्तीला कायद्याने संरक्षण देणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर, म्हणून एवढं काही शिल्लक राहिलं.

गाव लहान आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्यांचे दोन दिवस तीन गोष्टींत वाया जातात: पार्किंग, न मिळालेली तिकिटं आणि रस्त्यावर आलेलं भरतीचं पाणी. खालचा क्रम या तिन्ही गोष्टी आधी मिटवतो.

१. महिना निवडा

मार्च-एप्रिलमध्ये अझेलिया फुलतात, हवा सुरेख असते आणि हॉटेलांचे दर वर्षातले सगळ्यांत चढे असतात. मेच्या अखेरीपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत स्पोलेटो हा १७ दिवसांचा कला महोत्सव असतो. संगीत-नाटकासाठी येत असाल तर उत्तम, नाहीतर ते आठवडे टाळा. वसंतात एका शनिवारी कूपर रिव्हर ब्रिज रन या धावण्याच्या शर्यतीसाठी रॅव्हनेल पूल सकाळी वाहनांना बंद असतो. पुलापलीकडच्या माउंट प्लेझंट गावात उतरलेल्याला तेव्हा लांबचा वळसा पडतो, म्हणून तारीख पाहून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२ ते ३५ अंशांवर जातो आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर तेव्हा नकोच. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात येणार असाल तर रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. सगळं तोलून पाहिलं तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध सर्वांत चांगला: उकाडा गेलेला, गर्दी कमी. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत स्वस्त. एक स्वेटर पुरतो, फक्त समुद्रात उतरता येत नाही.

२. भरतीचं वेळापत्रक काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी हीच दगा देते. चार्ल्स्टनची जमीन सपाट आणि सखल आहे. त्यातला बराच भाग जुन्या खाड्या आणि दलदल बुजवून केलेला. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरलेलं नाही. मोठ्या भरतीला ते गटारांतून उलटं वर येतं आणि आकाशात ढग नसतानाही रस्त्यावर साचतं.

अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ‘चार्ल्स्टन, कूपर रिव्हर एंट्रन्स’ या केंद्राचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोफत मिळतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरती-ओहोटीतला सरासरी फरक पाचेक फूट असतो. कोष्टकातला आकडा असा वाचा:

- ७ फूट: हवामान खात्याच्या लेखी इथे पूर सुरू होतो. सिटी मार्केटजवळचे आणि लॉकवुड ड्राइव्हकडचे सखल रस्ते ओले होतात.
- ७.५ फूट: मध्यम पूर. काही रस्ते बंद होतात.
- ८ फूट आणि वर: मोठा पूर. त्या तीन-चार तासांत गाडी हलवायचीच नाही.

हे कोष्टक फक्त चंद्र-सूर्याचं गणित सांगतं, वारा त्यात धरलेला नसतो. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला की प्रत्यक्ष पाणी कोष्टकापेक्षा फूटभर वर जाऊ शकतं. म्हणून कोष्टकात ६.५ दिसलं तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा ‘कोस्टल फ्लड’ इशारा आहे का ते पाहा. भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले तर आणखी वाईट, कारण गटारांची तोंडं पाण्याखाली असतात आणि पावसाच्या पाण्याला जायला जागाच उरत नाही.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येतं. भिंतीवरची मराठी दिनदर्शिका इथेही कामाला येते. फक्त ती भारतीय वेळेची असल्याने अमेरिकेत तिथी कधी कधी एक दिवस अलीकडे पडते, एवढं लक्षात घ्या. सप्टेंबर ते नोव्हेंबरची उधाणं वर्षातली सर्वांत उंच असतात. नोव्हेंबर निवडलात तर पौर्णिमा-अमावास्येपासून पाच-सहा दिवस दूरचा शनिवार-रविवार धरा.

रस्त्यावर साचलेलं पाणी खारं असतं. त्यातून गाडी घातली तर ब्रेक, चाकांची बेअरिंग आणि खालच्या वायरिंगला गंज चढतो, आणि तो महिन्यांनी लक्षात येतो. पाणी दिसलं की मागे फिरा किंवा एखाद्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर गाडी लावून दोन-तीन तास थांबा. ओहोटी लागली की रस्ता मोकळा होतो.

३. राहण्याची जागा ठरवा

पर्याय तीन. पेनिन्सुलावर राहिलात तर सगळं पायी होतं, पण खोली महाग आणि बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवारसाठी किमान दोन रात्रींची अट असते. पार्किंगचे पैसे वेगळे लागतात. रात्रीला ३०-४० डॉलर किंवा त्याहूनही जास्त, आणि दर सांगताना ते बहुधा धरलेले नसतात. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा.

माउंट प्लेझंट पुलाच्या पलीकडे आहे. पार्किंग सहसा फुकट, समुद्रकिनारे जवळ, जुनं शहर गर्दी नसेल तर पंधरा मिनिटांवर. मुलांसकट येणाऱ्या कुटुंबासाठी हीच जागा योग्य.

नॉर्थ चार्ल्स्टन सर्वांत स्वस्त. विमानतळ आणि ॲमट्रॅक रेल्वेचं स्टेशन दोन्ही तिथेच. पण हे वेगळं शहर आहे. जुन्या वस्तीपासून दहा-बारा मैल दूर, आणि मध्ये आय-२६ महामार्गाची गर्दी. नकाशावर ‘चार्ल्स्टन’ नाव पाहून इथली खोली घेणं ही नवख्यांची नेहमीची फसगत आहे. पत्ता नीट वाचा.

४. गाडी एकदाच लावा

शार्लटहून आय-७७ आणि आय-२६ ने सुमारे साडेतीन तास, रालीहून आय-९५ मार्गे साडेचार, अटलांटाहून आय-२० आणि आय-२६ ने पाच तास. शार्लट आणि अटलांटाकडून येणाऱ्यांना कोलंबिया लागतं. तिथे शुक्रवारी चार ते साडेसहा या वेळेत पोहोचलात तर पाऊण तास सहज जातो. दुपारी लवकर निघा, नाहीतर जेवून रात्री. साउथ कॅरोलायनात १ सप्टेंबर २०२५ पासून गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. नकाशासाठी डॅशबोर्डवर स्टँड बसवून घ्या.

शहरात पोहोचल्यावर मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरच्या गॅरेजमध्ये गाडी लावा आणि संध्याकाळपर्यंत विसरून जा. ‘डॅश’ नावाची फुकट बस तिथूनच सुटते. व्हिजिटर सेंटरपासून दक्षिण टोकापर्यंतचं अंतर तीन किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. जाताना चाला, येताना बस घ्या. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला राहत्या घरांच्या गल्ल्या आहेत. तिथे बाहेरच्या गाड्यांना तास-दोन तासांचीच मुभा असते, आणि दंडाची पावती लागायला वेळ लागत नाही.

५. तिकिटं आधी काढा, या क्रमाने

पहिलं, फोर्ट सम्टरची बोट. १२ एप्रिल १८६१ रोजी या बेटावरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. किल्ल्यात प्रवेश मोफत, पण तिथे नेणाऱ्या बोटीचं तिकीट लागतं आणि नॅशनल पार्कचा वार्षिक पास त्यावर चालत नाही. बोट दोन धक्क्यांवरून सुटते: शहरातला लिबर्टी स्क्वेअर आणि माउंट प्लेझंटमधला पॅट्रियट्स पॉइंट. तिकिटावर कुठला धक्का आहे ते पाहूनच निघा, चुकीच्या धक्क्यावर पोहोचणारे रोज असतात. जाणं-येणं धरून सव्वादोन तास, त्यातला एक तास किल्ल्यात. सकाळची पहिली फेरी घ्या, ध्वज चढवताना प्रवाशांना मदतीला बोलावतात. किल्ल्यात सावली फारशी नाही.

दुसरं, इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. २०२३ च्या जूनमध्ये उघडलेलं हे संग्रहालय गॅड्सडेन्स वॉर्फवर, म्हणजे जिथे गुलाम म्हणून आणलेल्या हजारो आफ्रिकी माणसांना जहाजातून उतरवलं त्याच जागेवर उभं आहे. तिकिटावर आत जायची वेळ असते. लिबर्टी स्क्वेअरपासून ते चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे बोट आणि संग्रहालय एकाच अर्ध्या दिवसात बसतात.

तिसरं, रात्रीचं जेवण. शनिवारी संध्याकाळी ऐन वेळी टेबल मिळत नाही. तीन-चार आठवडे आधी ओपनटेबल किंवा रेझी या ॲपवर नोंद करा.

घोडागाडीसाठी एवढी घाई नको, पण एक नियम माहीत असू द्या: फेरी कुठल्या भागातून जाणार हे कंपनी ठरवत नाही. पालिकेच्या बूथवर गाडीगणिक चिठ्ठी काढावी तसा मार्ग निघतो. ‘आम्हाला रेनबो रो दाखवा’ असं सांगून काही होत नाही. ती रंगीत घरांची ओळ पायीच बघायची.

६. शनिवार: पायी शहर

बोट सकाळी लवकरची असेल तर आधी बोट, मग संग्रहालय. त्याला किमान दोन तास द्या. दुपारनंतर चालायला निघा: सिटी मार्केट, वॉटरफ्रंट पार्क, ईस्ट बे स्ट्रीट, दक्षिण टोकाचा ‘बॅटरी’ नावाचा समुद्रकाठ, आणि परतताना मीटिंग स्ट्रीट. रेनबो रो ही १३ रंगीत घरांची ओळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे दुपारी घरांची तोंडं सावलीत जातात. फोटो नीट हवे असतील तर त्यासाठी रविवारी सकाळी आठच्या आत पुन्हा एक चक्कर मारा, तेव्हा गर्दीही नसते.

चालताना घरं वाचायला शिका. इथलं खास घर म्हणजे ‘सिंगल हाऊस’: एका खोलीएवढं रुंद, अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि लांबीच्या बाजूला दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून दोन-तीन मजली पडवी, म्हणजे समुद्राचा वारा घरभर खेळतो. रस्त्यावरचं दार उघडलं की माणूस घरात नाही, पडवीत येतो. भिंतींवर लोखंडी चकत्या किंवा चांदण्या दिसतील. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळ्या घातल्या, त्यांची ती टोकं. बाकी घरं राहती आहेत. फाटकातून आत डोकावणं, पायऱ्यांवर बसून फोटो काढणं टाळा.

आतून एकच घर बघायला वेळ असेल तर एलिझाबेथ स्ट्रीटवरचं ऐकेन-र्‍हेट हाऊस निवडा. नॅथॅनियल रसेल हाऊसचा आधाराशिवाय वर चढत जाणारा गोल जिना देखणा आहे, पण ऐकेन-र्‍हेटमध्ये काही नवं रंगवलेलं नाही. पोपडे निघालेल्या भिंती तशाच ठेवल्या आहेत, आणि मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या, स्वयंपाकघर, तबेला सगळं जागेवर आहे. ही घरं कोणाच्या कष्टावर उभी राहिली ते पाहिल्याशिवाय हे शहर अर्धंच बघितल्यासारखं आहे. चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम लहान आहे, तासाभरात होतं. पण रविवारी बंद असतं, म्हणून ते शनिवारच्या वाटेतच उरकून घ्या.

सिटी मार्केटमध्ये ‘गला’ समाजातल्या (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशातल्या) बायका गवताच्या टोपल्या विणताना दिसतील. स्वीटग्रास, लव्हाळं आणि पाइनच्या पानांची वेटोळी पामेटो या ताडाच्या पट्टीने शिवत जातात. पश्चिम आफ्रिकेतून आलेली ही कला आईकडून मुलीकडे चालत आली आहे. तळहाताएवढ्या टोपलीलाही कित्येक तास लागतात, म्हणून किंमत दहा-वीस डॉलरच्या पुढेच सुरू होते आणि मोठी टोपली शेकड्यांत जाते. घासाघीस करू नका, आणि फोटोआधी विचारा.

फरसबंदी उंचसखल आहे, झाडांच्या मुळांनी विटा उचलल्या आहेत आणि चाल्मर्स स्ट्रीट तर गोट्यांचाच आहे. चपला नकोत, बूट घाला. आई-बाबा सोबत असतील तर दक्षिण टोकाकडे निघण्याआधी मार्केट किंवा वॉटरफ्रंट पार्कमधलं स्वच्छतागृह वापरून घ्या.

७. रविवार: एकच दिशा निवडा

इथे मोह आवरावा लागतो. मळे, बेटं, झाड, समुद्र सगळं वेगवेगळ्या दिशांना आहे, आणि एका दिवसात दोन दिशा धरल्या की दिवस गाडीत जातो.

समुद्र हवा असेल तर पूर्वेला जा. आयल ऑफ पाम्सच्या काउंटी पार्कमध्ये पैसे भरून पार्किंग, न्हाणीघर, स्वच्छतागृह सगळं आहे. मुलांसाठी तेच बरं. सलिव्हन्स आयलंड शांत आणि सुंदर, पण किनाऱ्यावर स्वच्छतागृह नाही, आणि रस्त्याकडेला गाडी लावताना चारही चाकं डांबरावरून खाली हवीत. या दोन बेटांमधल्या ब्रीच इनलेटला प्रवाहाची ओढ जीवघेणी आहे. तिथे पोहायला बंदी आहे, पाणी कितीही शांत दिसलं तरी गुडघाभरही उतरू नका. सलिव्हन्सवर फोर्ट मोल्ट्री आहे, तिथे नॅशनल पार्कचा पास चालतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना शहरात नेण्यापूर्वी याच बेटावर विलग ठेवत.

झाडं आणि चहा हवा असेल तर नैर्ऋत्येला जॉन्स आयलंडवर एंजल ओक. शेकडो वर्षांचा हा ओक आपल्या वडासारखा पसरलेला आहे, फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर उठतात. प्रवेश मोफत, फांद्यांवर चढायला-बसायला मनाई. रविवारची उघडण्याची वेळ इतर दिवसांपेक्षा वेगळी असते, ती पाहून निघा. पुढे वॉडमलॉ आयलंडवर चहाचा मळा आहे, कारखाना मोफत बघता येतो.

इतिहासात शिरायचं असेल तर जेम्स आयलंडवरचं मक्लिऑड प्लँटेशन. मॅग्नोलिया आणि मिडलटन या मळ्यांच्या बागा जास्त प्रसिद्ध आहेत आणि मार्चमध्ये त्या बघण्यासारख्या असतातही, पण मक्लिऑडमध्ये गुलामांच्या खोपटांची रांग आणि तिथे राहिलेल्या माणसांची गोष्ट आधी सांगतात, मालकाचं घर नंतर. भातशेतीची खूण पाहायची तर मिडलटन. नदीला भरती आली की वर चढणारं गोडं पाणी लाकडी दारांतून खाचरांत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, अशी ती पद्धत होती. गोव्यातल्या खाजणाचं मानस, म्हणजे पाण्याचं दार, ज्याने पाहिलं आहे त्याला दार लगेच ओळखू येईल, फक्त तिथे ते खारं पाणी बाहेर ठेवण्यासाठी असतं. ही शेती पश्चिम आफ्रिकेतल्या भातउत्पादक भागांतून आणलेल्या माणसांच्या हातांनी आणि जाणकारीने झाली.

परतीला दुपारी तीनच्या आत निघा. रविवारी संध्याकाळी आय-२६ वर कोलंबियाकडे जाणारी वाहनं तुंबतात.

८. जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींचं

मासे खाणाऱ्यांची चैन आहे: कोळंबी आणि ग्रिट्स, कालवं, खेकड्याच्या गाबोळीचं सूप.

शाकाहाऱ्यांनी मात्र ताटातल्या भाजीवर विश्वास ठेवू नये. कॉलर्ड ही पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवतात. चवळीवर्गातल्या कडधान्याच्या आणि भाताच्या हॉपिन जॉनमध्ये, तसंच टोमॅटोच्या लाल भातात बहुधा बेकन किंवा सॉसेज असतं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, पण कधी त्या चिकनच्या पाण्यात शिजवतात. तळलेले हिरवे टोमॅटो कोळंबीच्याच तेलात तळलेले असू शकतात. ‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ एवढं विचारलं तर वरून मांस दिसत नाही म्हणून ‘हो’ उत्तर मिळतं. त्यापेक्षा नाव घेऊन विचारा: ‘यात हॅम, बेकन, लार्ड, चिकन ब्रॉथ आहे का? तळण्याचं तेल वेगळं आहे का?’ लार्ड म्हणजे डुकराची चरबी.

बिनधास्त खाण्यासारखं: पिमेंटो चीज, मक्याचा ब्रेड (लार्डचं विचारून), पेकनची प्रालीन, आणि ‘बेनी वेफर’, म्हणजे तिळाची कुरकुरीत बिस्किटं. तीळ इथे आफ्रिकी माणसांसोबत आला. रस्त्याकडेच्या टपरीवर ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी दिसली तर थांबा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, अगदी आपल्याच. साध्या शेंगा घ्या, ‘केजन’ म्हणजे तिखट मसाल्याच्या. चहा मागितला तर बर्फाचा आणि पाकासारखा गोड येतो, तसा नको असेल तर ‘अनस्वीट’ म्हणा. घरचं जेवण हवं असेल तर भारतीय हॉटेलं माउंट प्लेझंट, वेस्ट ॲशली आणि नॉर्थ चार्ल्स्टनकडे शोधा.

एक सावधगिरी: शेजारच्या जॉर्जियातल्या सवाना शहराच्या जुन्या भागात प्लास्टिकच्या पेल्यातून दारू घेऊन फिरता येतं, तो नियम चार्ल्स्टनला लावू नका. इथे रस्त्यावर उघडा पेला चालत नाही.

९. निघताना बॅगेत

- वाहन परवाना, गाडीच्या विम्याचं कार्ड.
- नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाने आपला पुरावा जवळ बाळगायचा असा कायदा आहे: ग्रीन कार्ड, किंवा व्हिसावर असाल तर आय-९४ या प्रवेश-नोंदीची छापील प्रत. आई-बाबांचीही काढा, सोबत पासपोर्ट.
- विमानाने येणार असाल तर रिअल आयडी किंवा पासपोर्ट.
- बोट, संग्रहालय आणि जेवणाच्या नोंदींचे स्क्रीनशॉट.
- दोन्ही दिवसांच्या भरतीच्या वेळा कागदावर.
- बूट, आणि भिजले तर बदलायला दुसरी जोडी.
- टोपी, सनस्क्रीन, माणशी एक लिटर पाणी. डासांचं आणि चिलटांचं मलम, वसंतात आणि शरदात ते हवंच.
- पार्किंगचे पैसे भरण्याचं ॲप आधीच फोनवर उतरवून, गाडीचा नंबर भरून ठेवा.
- टोपल्या आणि शेंगांसाठी थोडी रोख रक्कम.